एफआयआरसाठी थांबू नका

‘एफआयआर असल्याशिवाय दवाखान्यात हात लावत नाहीत, म्हणून आधी पोलीस ठाणं गाठा,’ असा सल्ला लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला अनेकदा दिला जातो. तो कृपया कुणी पाळू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ प्रमाणे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने अत्याचारपीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायलाच हवेत. पोलिसांना कळवणं ही रुग्णालयाची जबाबदारी. तिला तक्रार द्यायची नसली, तरी उपचार नाकारता येत नाहीत.

वेळ इथे फार मोलाची आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. गर्भधारणा रोखणारी गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. पोलीस ठाण्याच्या बाकावर काढलेली रात्र यातूनच वजा होते. अंगावरचे कपडे पुराव्यासाठी न धुता सोबत न्यावेत. आंघोळ झाली असेल तरी दवाखान्यात नक्की जा.

तपासणीच्या प्रत्येक टप्प्यावर तिची संमती लागते, मधेच ‘थांबा’ म्हणता येतं. टू-फिंगर टेस्ट (योनीत दोन बोटं घालून केली जाणारी तपासणी) तर केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनीच बाद केली आहे आणि ती करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं आहे. तरीही कुणी करू लागलं, तर ठामपणे नकार द्या.