अंगाबरोबर वाढणारा कपडा शिवायचा, तर माया (शिवणीत राखलेले जादा कापड) नेमकी कुठे आणि किती ठेवावी?

प्रश्न – शिवणकर्ती, इंदूर

गेली सहा वर्षे मी राजवाड्याजवळ चार शिलाई यंत्रांवर एक लहान कारखाना चालवते. मुलींचे फ्रॉक आणि स्त्रियांचे सुती कुर्ते हे आमचे मुख्य काम असून कापड बहुधा महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधून येते. अलीकडे शेजारच्या बायका तयार विकत घेतलेले कुर्ते सैल करून घेण्यासाठी माझ्याकडे आणतात. कापड धडधाकट असते, रंगही शाबूत असतो, केवळ बाळंतपणानंतर किंवा औषधांमुळे अंगात आलेला फरक त्या कपड्याला सामावून घेता येत नाही. मी बाजूची शिवण उलटून पाहते तेव्हा ओव्हरलॉक यंत्राच्या पात्याने कडेचे कापड शिवतानाच कापून टाकलेले असते आणि जेमतेम पाव इंच उरलेला असतो. अशा कपड्याला मी काहीच करू शकत नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून मी असे कपडे शिवू इच्छिते की फ्रॉक मुलीला निदान चार वर्षे पुरावा आणि कुर्ता बाईच्या अंगाबरोबर कमीजास्त व्हावा. पहिल्या प्रयत्नात कमरेला इलॅस्टिक घातले, पण वर्षभराच्या धुण्यात ते सैल पडले. दुसऱ्या प्रयत्नात सगळीकडे दोन-दोन इंच माया ठेवली, तर काखेत कापड गोळा होऊन कपडा बेढब दिसू लागला. माया कोणत्या जागी ठेवावी, आणि उसवल्यावर जुन्या दुमडीची जी रेघ उठून दिसते तिचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – शिवणवर्गाच्या निवृत्त शिक्षिका, रामबाग

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात चूक एवढीच झाली की मुलीचा फ्रॉक आणि बाईचा कुर्ता यांना तुम्ही एकच नियम लावला. मूल मुख्यतः उंचीत वाढते. एक वर्षाच्या बाळाची उंची साधारण 75 सेंटीमीटर आणि छाती 46 सेंटीमीटर असते, तर पाचव्या वर्षी उंची 108 च्या आसपास जाते आणि छाती मात्र 55 पर्यंतच पोहोचते. म्हणजे चार वर्षांत घेराला साडेतीन इंच पुरतात, पण लांबीची भूक फार मोठी असते. मोठ्या माणसाचे याच्या उलट आहे. वजन कितीही बदलले तरी खांद्याची रुंदी आणि पाठीची लांबी फारशी हलत नाही, बदलतात ते पोट, नितंब, छाती आणि दंड. म्हणून कुर्त्याचा खांदा अगदी मापात बसवावा आणि वाव फक्त बाजूच्या शिवणींत व बाहीच्या खालच्या शिवणीत ठेवावा.

हिशेब सोपा आहे. कुर्त्याला दोन बाजूंच्या शिवणी असतात आणि प्रत्येकीत पुढची व मागची अशा दोन कडा असतात, म्हणजे एकूण चार कडा झाल्या. प्रत्येक कडेला दीड इंच माया ठेवली आणि त्यातला अर्धा इंच शेवटपर्यंत शिवणीसाठी राखला, तरी घेर चार इंचांनी वाढवता येतो. शिवणीच्या दोन्ही कडा एकत्र ओव्हरलॉक करू नयेत. प्रत्येक कड पूर्ण रुंदीवर वेगळी बांधून घ्यावी आणि शिवण उघडून इस्त्री करावी.

काखेतला गोळा मात्र मायेने सुटणार नाही. तिथे कापड वळणावर येते, म्हणून शिंपी मायेला खाचा मारतात आणि त्या खाचांपाशीच पुढचा सगळा वाव संपतो. आमच्या आईच्या पिढीतल्या पोलक्यांना आणि पुरुषांच्या बंड्यांना काखेत कापडाचा चौकोनी तुकडा बसवलेला असे. तो कोपऱ्यावर उभा बसत असल्याने ताण उरेबी, म्हणजे विणीला तिरका, पडतो आणि साध्या सुती कापडातही तो थोडा ताणला जातो. फ्रॉकला तीन इंचांचा आणि कुर्त्याला चार इंचांचा चौकोन पुरेल. पुढे कधी अधिक वाव हवा असेल, तर तो तुकडा काढून मोठा बसवता येतो, त्यासाठी काखेजवळच्या शिवणी तेवढ्या थोड्या उसवाव्या लागतात.

फ्रॉकच्या घेराला परकरासारखे टक, म्हणजे शिवून बसवलेल्या आडव्या दुमडी, घालावेत. एक इंच खोलीच्या टकात दोन इंच कापड दडते, तेव्हा तीन टकांनी सहा इंच लांबी हाती येते. दोन वर्षांनंतर मूल वर्षाला साधारण सहा सेंटीमीटर वाढते आणि त्यातली निम्म्याहून थोडी अधिक वाढ कमरेखाली होते. त्या हिशेबाने हे तीन टक चार वर्षांचे काम सहज करतील.

उत्तर – वस्त्रतंत्राचा अध्यापक, वडोदरा

इलॅस्टिकविषयी आपला अनुभव योग्यच आहे, आणि त्याचे कारण धाग्याच्या स्वभावात आहे. 1958 मध्ये ड्युपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा ताणला जाणारा कृत्रिम धागा शोधला, त्या धाग्याने कपड्यांची सगळी घडण बदलली. परंतु उष्णता आणि क्लोरीन यांनी तो कमकुवत होतो, शिवाय सुतात मिसळलेला असला की त्या कापडाचा पुनर्वापर अवघड होऊन बसतो. टिकाऊपणा हाच उद्देश असेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

इलॅस्टिक न वापरता वाढणाऱ्या कपड्याचे एक नावाजलेले उदाहरण सांगतो. विमान-अभियांत्रिकी शिकलेल्या रायन मारिओ यासिन यांनी लंडनमध्ये ‘पेती प्ली’ नावाने लहान मुलांचे चुणीदार कपडे तयार केले आणि 2017 मध्ये त्यांना जेम्स डायसन पुरस्काराचा ब्रिटनमधला राष्ट्रीय सन्मान मिळाला. साधे कापड लांबीत ओढले की रुंदीत आक्रसते, पण या चुण्यांची रचना अशी आहे की एका दिशेने ओढल्यावर कपडा दुसऱ्या दिशेनेही पसरतो, त्यामुळे एकच कपडा अनेक मापांना पुरतो. मात्र अशा चुण्या उष्णतेने कायमच्या बसवायच्या तर पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागाच लागतो. सुती कापडातली इस्त्रीची चुणी पहिल्याच धुण्यात जाते. म्हणून आपल्यासारख्या सुती काम करणाऱ्यांनी चुणी शिवूनच बसवली पाहिजे, आणि वर शिक्षिकाबाईंनी सांगितलेला टक म्हणजे नेमके तेच आहे.

एक भर घालतो. टक एकेरी धाग्याच्या साखळी शिलाईने घ्यावेत, जशी धान्याच्या पोत्याला असते. योग्य टोक सापडले की ती एका ओढीत सुटते, त्यामुळे उसवण्याचे काम घरातल्या आईलाही जमेल. बाजूच्या आणि इतर ताण येणाऱ्या शिवणींना मात्र ही शिलाई वापरू नये, कारण धागा तुटला तर ती आपोआप उसवत जाईल.

रेघेबद्दल सांगायचे तर ती दोन कारणांनी दिसते. बाहेरचे कापड उन्हाने विटते आणि आतले विटत नाही, तसेच दुमडीची कड घासून झिजते. बारीक छाप्याच्या कापडात ही रेघ जवळजवळ हरवते, गडद एकरंगी कापडात ती लपत नाही. कापणीपूर्वी कापड भिजवून, वाळवून, आटवून घेणे तर अपरिहार्यच आहे.

उत्तर – एक मुलगा, सुदामा नगर

मी शिवणारा नाही, पण आईचे कपडे शिवून आणतो म्हणून लिहितो. तिच्या पाठीला बाक आल्यापासून प्रत्येक कपडा मागून आखूड आणि पुढून लांब होतो, आणि खांद्याच्या दुखण्यामुळे डोक्यावरून काही घालणे तिला अशक्य झाले आहे. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त पांढरी बाराबंदी घालतात, ती पाहून मी एका शिंप्याकडून तिच्यासाठी तशीच पुढून उघडी आणि बंदांनी बांधायची बंडी शिवून घेतली. एक पदर दुसऱ्यावर येतो, सूज असेल त्या दिवशी बंद सैल बांधतो आणि नसेल त्या दिवशी घट्ट, आणि उसवावे काहीच लागत नाही. ताई, वृद्धांसाठीही असा एक कुर्ता आपण अवश्य शिवावा.

प्रश्नकर्ती

सर्वांची मी अत्यंत ऋणी आहे. पहिले दहा फ्रॉक बारीक छाप्याच्या कापडात तीन टकांनी शिवते, आणि कुर्त्यांना काखेत चौकोन बसवते. वाव उघडून देण्याचे काम दोन वर्षे विनामूल्य करीन, असे पावतीवरच लिहून देणार आहे. एकच शंका उरली: टकांवर लेस लावली तर रेघ झाकली जाईल का?

शिक्षिका, रामबाग

लेस टकावर लावू नका, टक सोडताना तीही उसवावी लागेल. टक सोडल्यानंतर जिथे रेघ दिसेल तिथे त्याच छाप्याच्या उरलेल्या कापडाची उरेबी पट्टी शिवा. त्यासाठी कापणीच्या वेळीच प्रत्येक फ्रॉकबरोबर कापडाचा हातभर तुकडा आतल्या शिवणीला टाचून ठेवा, म्हणजे तोही फ्रॉकबरोबरच धुतला जाईल आणि नव्या कापडाइतका वेगळा दिसणार नाही, उन्हाने विटण्याचा फरक तेवढा थोडा राहील.