तालीम किती वाजेपर्यंत?

*ए-२०३ ताई:* नमस्कार. रात्रीचे १०.४० झाले, क्लबहाऊसमध्ये अजून पेटी चालू आहे. मुलाची उद्या युनिट टेस्ट आहे. कोणाला विचारून?

*सी-५०१ (नाटक कमिटी):* ताई, क्षमस्व. पाचच मिनिटं. संशयकल्लोळमधलं 'कर हा करी' हे पद बसत नाहीये आणि नाटक मंडळीचे तबलजी आजच मोकळे होते.

*ए-२०३ ताई:* मागच्या गणपतीतही पाचच मिनिटं होती.

*बी-१०२ काका:* क्लबहाऊसचं लाइट बिल कोण भरणार? सोसायटी की नाटकवाले?

*डी-४०४:* पदं कापा की. मूळ पाच अंक आहेत. दोन तासांवर कोणी बसत नाही. ट्रॅक लावा, साथीदारांचं मानधनही वाचेल.

*ए-६०१ आजोबा:* ट्रॅकवर संशयकल्लोळ?? अहो, ऑर्गनवाला नटाच्या तोंडाकडे बघून सूर धरतो. वन्स मोअर आला तर तुमचा ट्रॅक काय करणार? गो. ब. देवलांचं हे नाटक आधी गद्य होतं, 'तसबिरीचा घोटाळा'. पदांसकट गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली आणलं.

*डी-४०४:* म्हणजे पदांशिवायही उभं राहत होतं. माझाच मुद्दा झाला 🙏

*ए-६०१ आजोबा:* तुम्ही ऑफिसं सांभाळा.

*सी-५०१:* आजोबा, नांदी ठेवतोय. ताना तेवढ्या आवरू. रेवतीला भोवळ येते, तसबीर पडते, फाल्गुनरावाची बायको कृत्तिका उचलते, तिथून पुढे मात्र एक ओळ कापणार नाही. हशा तिथेच पिकतो.

*बी-१०२ काका:* लाइट बिल?

*ई-३०२ काकू:* फाल्गुनरावाचं काम कोण करणार, ठरलं का? की यंदाही आयत्या वेळी कमिटीच्या घरातलाच?

*सी-५०१:* काकू, रोख कळला. मंडळीचे दिग्दर्शक ठरवतील.

*ई-३०२ काकू:* रोख कसला, साधं विचारलं. ह्यांनी राज्य नाट्य स्पर्धा केलीये, म्हणून.

*डी-४०४:* संशयी नवराच हवा ना? बी विंगेत पार्किंगवरून सगळेच तसे आहेत 😀

*बी-२०५:* माझ्याबद्दल असेल तर सरळ बोला.

*डी-४०४:* अहो, गंमत!

*ए-४०१:* मूळ इंग्रजी आहे ना हे?

*ए-६०१ आजोबा:* आर्थर मर्फीचं. त्याच्या मागे फ्रेंच नाटककार मोलिएर. पण पुरुषांना महिने आणि बायकांना नक्षत्रं वाटली ती देवलांनी. अश्विनशेठ, भादव्या, रेवती, मघा. जमेल का साहेबाला?

*सेक्रेटरी:* तालीम ८ ते ९.४५. दहानंतर पेटी, तबला, टाळ्या बंद. बिल उत्सव निधीतून.

*बी-१०२ काका:* तो निधी आमचाच ना? एसी तरी बंद ठेवा.

*ए-२०३ ताई:* आभारी आहे. ११.०५ झाले, अजून ठकठक चालूच आहे.

*सी-५०१:* तबला उतरला होता, हातोडीने चढवतायत. झालंच. उद्या ७ ला ऑर्गन येतोय. लिफ्टमध्ये मावत नाही, दोन मजले चढवायचाय. चार जण पाहिजेत.

*ई-३०२ काकू:* ह्यांची कंबर धरलीये.

*ए-६०१ आजोबा:* मी येतो.

*सी-५०१:* आजोबा, तुम्ही नका!

*बी-२०५:* मी आणि मुलगा येतो. डी-४०४ नेही यावं. गाडी स्वतःच्या जागेत लावून.