कन्फर्म तिकीट असून गेटवरून परत पाठवलं. ओव्हरबुकिंगवर सरळ बंदीच घालायला हवी की नको?

मुंजीचा_मामा:
मंडळी, गेल्या महिन्यात पुण्याहून नागपूरला जायचं होतं, सख्ख्या भाच्याची मुंज, मुहूर्त दहाच्या आसपास म्हणून मुद्दाम पहाटेचं विमान घेतलं. वेब चेक-इन आदल्या दिवशीच उरकलं पण बोर्डिंग पासवर सीट नंबरच नाही, नुसतं 'गेटवर मिळेल'. तेव्हाच डोक्यात पाल चुकचुकायला हवी होती. सिक्युरिटी वगैरे करून वेळेत गेटवर हजर, तर तिथली मुलगी म्हणे सर फ्लाइट ओव्हरसोल्ड आहे, तुम्हाला संध्याकाळच्या फ्लाइटला टाकते. आणि वर 2000 चं व्हाउचर, जणू उपकारच. मी पोचलो तेव्हा पंगती उठून मांडववाले खुर्च्या रचत होते. ताई अजून धड बोलत नाहीये. कंपनीचं नाव लिहीत नाही, नोटीस पाठवायची आहे.

माझं म्हणणं साधं आहे. एकच खुर्ची दोघांना विकली तर दुसऱ्या कुठल्याही धंद्यात त्याला फसवणूक म्हणतात. नाट्यगृहात एकच सीट दोघांना दिली तर लोक बुकिंगवाल्याला सोडतील का? रेल्वे निदान तोंडावर सांगते की बाबा तू वेटिंग 34 आहेस, आणि आरएसी असेल तर अर्ध्या बर्थवर अंग चोरून का होईना, गाडीत घेते. बंदी घाला, विषय संपला.

हिशेबनीस:
मुंज चुकली ते वाईटच झालं, पण बंदीला माझा ठाम विरोध. प्रत्येक फ्लाइटला काही लोक येतच नाहीत, मीटिंग रद्द, आजारपण, आधीचं विमान लेट. विमान उडालं की रिकामी सीट म्हणजे संध्याकाळची उरलेली कोथिंबीर, उद्या विकता येत नाही. ती कोणाला तरी विकली जाते म्हणून तुमचं माझं तिकीट थोडं स्वस्त पडतं. बंदी घातली तर कंपनी तो तोटा स्वतःच्या खिशातून भरणार आहे का? चूक जास्त विकण्यात नाही, उतरवायचं कोणाला हे ठरवण्याच्या पद्धतीत आहे. 1968 मध्ये ज्युलियन सायमन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने सुचवलं होतं की प्रवाशांनाच विचारा, किती पैशात थांबाल? ज्याचा आकडा सगळ्यात कमी, तो थांबेल. तेव्हा विमान कंपन्यांनी हसण्यावारी नेलं, पण 70 च्या दशकाच्या शेवटी तिथल्या सरकारने 'आधी राजीखुशीने थांबणारे शोधा' हा नियमच केला.

न्यूजर्सीचा_नाना:
हिशेबनीस, तुमच्या त्या नियमाचं 2017 मध्ये शिकागोत काय झालं ते आम्ही इथे बसून पाहिलंय. 9 एप्रिल, युनायटेडची लुइव्हिलला जाणारी फ्लाइट. 400 डॉलर देतो म्हणाले, मग 800, कोणी उठेना, मग चार जणांची नावं काढली. त्यातले डॉ. डेव्हिड डाओ, वय 69, म्हणाले उद्या माझे पेशंट आहेत, मी उतरणार नाही. त्यांना विमानतळाच्या सुरक्षावाल्यांनी अक्षरशः फरफटत नेलं, नाक मोडलं, दोन दात पडले. आणि साहेब म्हणतात पद्धत चांगली आहे!

हिशेबनीस:
नाना, पूर्ण सांगा की. ती फ्लाइट मुळात ओव्हरबुक नव्हतीच, कंपनीला स्वतःचे चार कर्मचारी लुइव्हिलला पोचवायचे होते, म्हणून बसलेल्या लोकांना उठवलं. म्हणजे ओव्हरबुकिंगवर बंदी असती तरी डॉक्टरांचे दात गेलेच असते. कंपनी 800 वर अडून बसली ही खरी चूक. मग काय झालं, कोर्टाबाहेर तडजोड केली आणि स्वेच्छेने उतरणाऱ्याला 10,000 डॉलरपर्यंत देऊ असं जाहीर केलं. ही अक्कल आधी सुचली असती तर?

न्यूजर्सीचा_नाना:
अक्कल आपोआप नाही सुचत, जगभर व्हिडिओ फिरला म्हणून सुचली. आता तर इथे नियमच आहे की बोर्डिंग पास स्कॅन करून आत घेतलेल्या माणसाला सुरक्षा किंवा गैरवर्तनासारखं कारण असल्याशिवाय उतरवता येत नाही.

ट्रॅव्हल्सवाला_बंड्या:
मामा, आदल्या रात्रीची स्लीपर पकडली असतीत तर मुहूर्ताच्या आधी पोचला असतात 😄

गेटवाली:
मी पाच वर्षं ग्राउंड स्टाफमध्ये होते, आता सोडलं. आपल्याकडेही नियम आहे हो. डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, 2016 चा. आधी व्हॉलंटियर विचारायचे. मग कन्फर्म तिकीट असून वेळेत आलेल्याला नाकारलं आणि मूळ वेळेपासून तासाभरात दुसरी फ्लाइट दिली तर भरपाई नाही, 24 तासांच्या आतली दिली तर एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क याच्या दुप्पट, कमाल 10,000. त्याच्याही पुढे गेलं तर चौपट, कमाल 20,000. जून 2022 मध्ये एअर इंडियाला याच कारणावरून 10 लाखांचा दंड झाला होता. पण गेटवरच्या पोरीच्या हातात काय असतं? वरून आकडा येतो, दोन ऑफलोड करा. कुटुंब तोडायचं नाही, पुढची कनेक्टिंग असलेल्याला हात लावायचा नाही, मग उरतो एकटा प्रवास करणारा, सीट नंबर नसलेला. म्हणजे तुम्ही. शिव्या मात्र आम्ही खायच्या. तुम्ही बोर्डिंग नाकारल्याचं लेखी घेतलंत का? नाहीतर रेकॉर्डला 'पॅसेंजर गेटवर उशिरा आला' असंही निघू शकतं.

मुंजीचा_मामा:
लेखी नाही घेतलं 🤦 बोर्डिंग पासचा फोटो आहे, आणि संध्याकाळच्या फ्लाइटला टाकल्याचा मेसेज, त्यावर वेळ आहे. आत्ता तिकीट काढून पाहिलं, मूळ भाडं आणि इंधन मिळून 4100. म्हणजे 8200 व्हायला हवे होते आणि मला 2000 च्या व्हाउचरवर कटवलं!

फ्रँकफुर्टची_वहिनी:
इथून मुंबईच्या फ्लाइटला असं केलं तर 600 युरो, आणि रोख मागता येतात, व्हाउचर घेतलंच पाहिजे असं नाही. एवढे पैसे मोजावे लागतात म्हणून इथल्या कंपन्या आधी गोड बोलून विचारतात. आपल्याकडे 10,000 ची मर्यादा आहे तोवर कशाला विचारतील? दिवाळीत शेवटच्या दिवशीचं तिकीटच तेवढ्याला जातं.

हिशेबनीस:
वहिनी, हेच म्हणतोय मी. मर्यादा काढा, बंदी नको. मामा, एक खरं सांगा, तिथे माइकवर 'कोण थांबतंय' असं विचारून आकडा वाढवत नेला असता तर तुम्ही कितीला थांबला असता?

मुंजीचा_मामा:
मी? एक लाखालाही नाही. पण रांगेत माझ्या मागे एक आयटीवाला पोरगा होता, घरीच चालला होता, घाई नव्हती. माझा आरडाओरडा ऐकून म्हणाला, काका मला पाच हजार दिले असते तर मी संध्याकाळी गेलो असतो की. त्याला कोणी विचारलंच नाही, आणि तो माझ्यासमोर आत गेला.