जंगलातून, तळ्याभोवती : ग्रुपने चालायला गेलात तेव्हाचे अनुभव सांगा

रविवारी आम्ही सतरा जण जंगलातून चालत तळ्याला वळसा घालून आलो आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून सगळ्यांना विचारतेय. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालंय, त्यामुळे मी सगळ्यात मागे. पुढचे थांबून माझी वाट बघायचे आणि मी पोचले रे पोचले की "चला, आली" म्हणून उठायचे, म्हणजे त्यांना दहा मिनिटं बसायला मिळालं, मला काहीच नाही. कुणी वाईट वागलं नाही हो, पण पाच-सहा वेळा असं झाल्यावर तळ्याच्या काठाशी मी अगदी रडकुंडीला आले. तुमच्याकडे मागच्या माणसाचं काय करता?

*

वाचून वाईट वाटलं, कारण मी लीड करतो आणि हे माझ्याकडूनही झालंय. आता आम्ही शेवटचा माणूस पोचून, सॅक खाली ठेवून पाणी प्यायला की तिथून पाच मिनिटं मोजतो.
दुसरी चूक हिशोबाची. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम आहे, तासाला साधारण ५ किमी आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. त्यावरून सपाटीचे १० किमी दोन तासांत होतील असं मी सगळ्यांना सांगून बसलो आणि लागले साडेचार! तो हिशोब न थांबता चालणाऱ्या दमदार माणसाचा, ग्रुपचा नाही. ग्रुप मागच्याच्या वेगाने चालतो, वेळ त्याच्यावरूनच धरायची.

*

फाटा आला की थांबायचं आणि डोकी मोजायची, बास. जंगलात पुढचा माणूस एका वळणात दिसेनासा होतो.

*

आम्हाला तळ्यानेच फसवलं. समोरचा काठ हा काय इथेच, असं वाटत होतं. पण गोल तळं जरी धरलं तरी काठाने जाताना सरळ अंतराच्या दीडपटीहून जास्त होतं, आणि तळं कुठे गोल असतं, आत शिरलेले फाटे, मध्येच दलदल, तिथून वर झाडीत चढून परत खाली. त्यात संध्याकाळ झाली. मागे राहिलेल्या दोघांचं बोलणं इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की आम्ही निवांत, आलेच म्हणून. ते होते पलीकडच्या काठावर! पाण्यालगतची हवा गार आणि वरची उबदार असली की आवाज खाली वाकून लांबपर्यंत जातो, हे नंतर कळलं. झाडांखाली तोपर्यंत मिट्ट अंधार आणि दोघांत टॉर्च एकच. आम्ही चौघं परत मागे गेलो आणि त्यांना घेऊन आलो, पण त्या अर्ध्या तासात पोटात जो गोळा आला होता तो अजून आठवतो.

*

मी मुद्दाम मागे राहते. वीस जणांच्या पायांनी आणि गप्पांनी पाखरं उडून जातात, ते पुढे गेले की दोन-तीन मिनिटांत जंगल परत बोलायला लागतं. मागच्या वेळी खंड्याने माझ्यासमोर सूर मारून मासा उचलला आणि फांदीवर आपटून आपटून गिळला. पुढे गेलेल्या एकालाही दिसला नाही.

*

माझी आई अडुसष्टची. तिला आम्ही सगळ्यात पुढे ठेवतो, लीडरच्या मागे लगेच दुसरी. पुढचे किती लांब गेले ते बघत चालावं लागत नाही, त्यामुळे धापही कमी लागते म्हणते. पोरं सुरुवातीला कुरकुरली, मग आई झाडं ओळखायला लावते म्हणून तिच्याभोवतीच घोटाळायला लागली.

*

हे दुसऱ्या नंबरचं सुचलंच नव्हतं. येत्या रविवारी परत तोच वळसा आहे, मी लीडरला आजच फोन करते.