चिपवाल्या चावीने तुम्हाला कधी रडवलंय का?

आज कपाटाचा खण आवरताना जुन्या गाडीच्या चावीचं रिकामं कव्हर हाती लागलं आणि एकटीच हसत बसले. म्हणून हा धागा.

कव्हर बिजागरीपाशी तुटलं होतं. नवं आणलं आणि रात्री घरीच बदलायला घेतलं. आतली हिरवी पट्टी उचलून नव्यात ठेवली, पातं बसवलं, बटण दाबलं, दारं खटकन उघडली. स्वतःवर जाम खूश! जुनं कव्हर कचऱ्यात. सकाळी गाडी सुरू झाली, दोन सेकंद चालली आणि बंद. परत तेच. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय. नवरा म्हणे पेट्रोल संपलं. मग म्हणे पंप गेला. शेवटी चावीवाले काका आले, चावी उघडून बघितली आणि म्हणाले, "ताई, यातली चिप कुठाय?" मी हिरवी पट्टी दाखवली. "तो रिमोट झाला. चिप वेगळी."

मग वर्तमानपत्र पसरून कचऱ्याची पिशवी उलटी केली. जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात, खोबणीत, शिसपेन्सिलीचं टोक मोडून पडावं तेवढा काळा तुकडा. दुसरी चावी कधीचीच हरवली होती, त्यामुळे तो सापडेपर्यंत घरात कुणी कुणाशी बोललं नाही. कव्हर मात्र नंतर टाकवलं नाही.

तुमचेही येऊ द्या.

—

"पेट्रोल संपलं" म्हणणारा एक प्रत्येक घरात असतोच.

—

आणि काटा अर्ध्यावर असतो!

—

हेच काम करतो म्हणून लिहितो. कव्हर बदलून चिप विसरलेले लोक सारखे येतात, लाजू नका. चिपला सेल लागत नाही. चावी घालतो त्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, चावी फिरवली की त्याच्या लहरींवर (बहुतेक गाड्यांत 125 किलोहर्ट्झ) चिप जागी होते आणि आपला कोड सांगते. जुळला नाही तर इंजिन बंद. म्हणून रिमोटचा सेल मेला तरी गाडी सुरू होते, फक्त दार पात्याने उघडा. "सेल बदला, गाडी सुरू होत नाही" म्हणून येणाऱ्यांना हे समजावताना अर्धा दिवस जातो.

युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना हे सक्तीचं झालं. सुरुवातीच्या साध्या कोडच्या चिपची सरळ नक्कल निघायची. पुढच्या पिढीच्या चिपांना गाडी दर वेळी वेगळा प्रश्न विचारते. तिथे स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायची मशीन जोडतात ती जागा) मशीन लावून गाडीलाच नवी चावी शिकवावी लागते. आणि येताना घरातल्या सगळ्या चाव्या आणा! बऱ्याच गाड्यांत जुनी यादी पुसून नवी भरली जाते. जी चावी घरी राहिली ती गाडीच्या लेखी परकी.

—

हे आधी का नाही सांगितलंत हो. बाबांची चावी अशीच परकी झाली. चार दिवस मलाच ऐकवत होते की तू माझी चावी बिघडवलीस.

—

आमची पँटीच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये फिरून आली. रिमोट गेला, चिप ठणठणीत. गाडी पहिल्या झटक्यात सुरू. त्याच खिशात पेनही होतं, शर्टांचं विचारू नका.

—

डाग कशाने गेले? सांगाच, इकडे तीच रड आहे.

—

नाहीच गेले.

—

आमच्याकडे दोघांच्या चाव्या एकाच कडीत होत्या. गाडी कधी सुरू, कधी नाही. मेकॅनिकने बॅटरी तपासली, वायरी तपासल्या. दिराने सहज एक चावी काढली आणि संपलं! शेजारची चिप मध्येच बोलत होती म्हणे. दोन जावा आठवल्या मला.

—

वहिनी, हाहाहा.

—

बटण दाबून सुरू होणारी गाडी आहे. रात्री सेल मेला, दार उघडेना. मग कळलं की चावीच्या पोटात एक बारकी लोखंडी चावी लपलेली असते. आत बसलो तर "चावी सापडत नाही" असा संदेश. फोनवर भाचा म्हणाला, मामा, चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवा आणि दाबा. झाली की सुरू. पंचावन्नाव्या वर्षी भाच्याकडून गाडी शिकलो.

—

चाव्यांसोबत नंबरची एक छोटी पट्टी येते ती जपा. सगळ्या चाव्या हरवल्या तरी त्या नंबरवरून पातं कापता येतं.

—

मी ती चावीच्याच कडीत अडकवलीय.

—

मग कडी हरवली की पट्टीपण?

—

...आत्ता काढतो.

—

परवाच जुनी गाडी घेतली, एकच चावी मिळाली. आधीचे मालक म्हणाले दुसरी हरवली. काय करू?

—

दुसरी करून घ्या, आणि त्याच वेळी जुन्या सगळ्या चाव्या गाडीतून पुसायला सांगा. हरवलेली कुणाला सापडली तर दार उघडेल, पण गाडी सुरू व्हायची नाही. एकुलती चावी हरवल्यावर आलात तर आधी गाडीचा पिन कोड (पत्त्याचा नव्हे, गाडीचा गुप्त आकडा) मिळवा, मग कोडिंग, गाडीही उचलून आणावी लागेल. आत्ता आलात तर थोडक्यात सुटाल.

—

थांबा थांबा, गाडीचा रंग कोणता? आमची विकताना मीही अगदी हेच म्हटलं होतं.

—

पांढरा.

—

हुश्श. आमची निळी होती.