स्वतःच्या गाडीनं नेपाळ: तिकडं ठोकली तर काय?

तासगावकर_१०
दिवाळीनंतर घरचे पाच जण इर्टिगा घेऊन निघतोय. गोरखपूर, सोनौली, पोखरा, मग पशुपतिनाथ. आई सोबत आहे, सत्तरीच्या पुढची. हॉटेलं, रस्ते सगळं बघून झालं. परवा मेहुणा म्हणाला, "तुझा विमा बेळगावात चालंल, बुटवलला न्हाई." तवापासनं डोक्यात किडा वळवळतोय. पॉलिसी फर्स्ट पार्टी आहे. एजंट म्हणतो, "ऑल इंडिया आहे दादा, बिनधास्त जावा." खरं काय?

अजिंक्यतारा_सर्व्हे
एजंट खोटं बोलला नाही, फक्त नेपाळ ऑल इंडियात नाही हे त्याच्या लक्षात आलं नाही. पॉलिसीवर 'जिऑग्राफिकल एरिया' ही ओळ बघा. तिथं नुसतं इंडिया असेल तर सोनौलीची सीमेवरची कमान ओलांडल्यावर गाडी बिनविम्याची. त्यासाठी आयएमटी-१ हे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायची पुरवणी, असतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव एवढे देश त्यात येतात. जुन्या टॅरिफप्रमाणे फर्स्ट पार्टीला ५०० रुपये, नुसत्या थर्ड पार्टीला १००. आता कंपनी थोडं मागंपुढं करेल. शाखेत स्वतः जा आणि नेपाळ छापलेला कागद घेऊनच बाहेर पडा. ठोकल्यावर फोन करून एन्डॉर्समेंट मागणारे भेटलेत मला.

पण नुसत्या कागदानं भागत नाही. कऱ्हाडच्या एका पार्टीची फाइल माझ्याकडं आली होती. एन्डॉर्समेंट व्यवस्थित घेतलेलं. मुगलिनच्या अलीकडं घाटात ट्रकनं उजवी बाजू पार घासत नेली. यांनी ट्रकवाल्याशी जागेवर मिटवलं, दार दोरीनं बांधून गाडी गोरखपुरात आणली आणि मग क्लेम टाकला. पुरावा काय, तर एका नेपाळी गॅरेजची पावती, तिच्यावर साल २०८०. क्लेम डेस्कवरच्या पोरीला ती छपाईची चूक वाटली. विक्रम संवत होतं ते, पण त्यानं काय फरक पडतो? जागा कुठली, गाडी कोण चालवत होतं, ठोकली कुणी, याचा एक चिटोरा नाही. क्लेम गेला.

म्हणून गाडी हलवायच्या आधी चारी बाजूंनी फोटो, समोरच्याची नंबर प्लेट, रस्त्यावरचा किलोमीटरचा दगड. मग पोलीस, १०० नंबर. माणूस लागला असेल तर पहिल्यांदा अ‍ॅम्ब्युलन्स, १०२. पोलीस जागेवर मुचुल्का करतात, म्हणजे आपला पंचनामा. त्याची शिक्का मारलेली नक्कल मागा, लाजू नका. त्याच दिवशी कंपनीला फोन आणि मेल दोन्ही. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत मेस्त्रीला नटसुद्धा खोलू देऊ नका.

आणि भन्सार, म्हणजे नेपाळचं कस्टम. गाडीचा परवाना ठराविक दिवसांचाच असतो. गाडी गॅरेजला अडकली तरी तारीख थांबत नाही. संपायच्या आधी जाऊन वाढवून घ्या, नाहीतर विम्याचं राहिलं बाजूला, दंड भरत बसाल.

गलाईवाला_विटा
सर्व्हेअरसाहेबांनी पत्र्याचं सांगितलं, मी माणसाचं सांगतो. आमचा पाव्हणा गोरखपूरला गलाईत, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात आहे, असल्या भानगडींत त्यालाच फोन जातात. कुणी जखमी झालं की तिथं ड्रायव्हरला बसवून घेतात आणि गाडी चौकीत लावतात. तुमची भारतीय पॉलिसी दाखवून लगेच सुटका होईल या भरवशावर राहू नका. दवाखान्याचा खर्च हातात लागतो, तेवढे पैसे वेगळे ठेवा. आपल्या १०० रुपयांचे तिकडं १६० होतात, हिशोब पाठ असू दे. मिटवायचं झालं तर पोलिसांसमोर, कागदावर, दोन्हीकडच्या सह्या घेऊन. रस्त्यात गर्दीच्या हातात नोटा कोंबल्या की दुसरी गर्दी मागायला येते.

गाय आडवी आली तर? तो त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे. धडक बसली तर सटकू नका, सरळ चौकीत जावा.

भारतीय दूतावास काठमांडूला लैनचौरात, आणि बीरगंजला आपलं वाणिज्य दूतावास आहे. पैशाची आशा नको, वकिलाची माहिती मिळते. दोन्ही नंबर आईच्या फोनमध्येही टाका, ती शुद्धीवर असंल आणि तुम्ही नसाल तर?

तासगावकर_१०
शेवटची ओळ आईला वाचून दाखवली नाही 😅 एक राहिलं. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि ते येत नाहीत. चालेल?

अजिंक्यतारा_सर्व्हे
चालेल. वडिलांचं संमतीपत्र करून घ्या, नोटरी केलेलं बरं. त्यात चालवणाऱ्या दोघांचीही नावं लायसन नंबरासकट घाला. आरसी बुक अस्सल न्या, डिजीलॉकर सोनौलीपर्यंतच कामाचा. ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड किंवा पासपोर्ट, आधारवर विसंबू नका.

एन्डॉर्समेंट हातात आलं की काउंटरवरच गाडी नंबर आणि चेसिस नंबर ताडून बघा. एमएच-१० चं एमएच-११ झालेलं मी पाहिलंय.