राज्यसेवा पूर्व आठवड्यावर आली, वाचलेलं सगळं सरमिसळ होतंय

पुढच्या रविवारी एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा आहे. मी जालन्याची, सेंटर संभाजीनगरला आलंय. पॉलिटी, भूगोल, इतिहास सगळं होऊन गेलंय पण आता परत हातात घेतलं की अर्धवटच आठवतं, काल प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा आणि सत्यशोधकची वर्षं उलटीपालटी झाली, हे तर मला तोंडपाठ होतं. त्यात ग्रुपवर रोज चालू घडामोडींची नवीन पीडीएफ येते, ती वाचू का? सीसॅट, म्हणजे पेपर २, शेवटी बघू म्हणून ठेवलंय, क्वालिफाइंगच आहे ना. प्लीज सांगा, हे दिवस कसे काढायचे.

अभ्यासिकेतला: ताई, आधी ग्रुप म्यूट कर. आता नवीन काहीही उघडायचं नाही, ज्या नोट्सवर तुझ्या हाताच्या खुणा आहेत त्याच परत वाच. वर्षांचं म्हणशील तर एका कागदावर क्रमाने लिही, १८६७ मुंबई प्रार्थना समाज, १८७० पुणे सार्वजनिक सभा, १८७३ पुण्यातच सत्यशोधक समाज, मग कागद पालथा घालून न बघता परत लिही. नुसतं डोळ्याखालून घातलं की येतंय असं वाटतं आणि पर्याय समोर आले की गडबड होते. ४२, ४४, ७३, ७४, ८६ या घटनादुरुस्त्यांचंही तसंच कर.

विदर्भकन्या: बाकी ठीक पण सीसॅट शेवटी ठेवू नको गं, खरंच काळजी वाटली वाचून. २०० पैकी ६६ आले नाहीत तर पेपर १ कितीही भारी गेला तरी उपयोग नाही. ८० प्रश्न, प्रत्येकी अडीच मार्क आणि चुकलं की त्या अडीचचा पाव हिस्सा वजा. हिशोब बघ, ४० सोडवले त्यात ३२ बरोबर ८ चूक तर ८० वजा ५, ७५ होतात, सुटलीस. आणि घाईत ६० गोल केले, निम्मे चुकले तर ७५ मधून १८.७५ जातात, राहिले ५६.२५, संपलं. म्हणून रोज आयोगाचा एक जुना पेपर दुपारी ३ ते ५ याच वेळेत घड्याळ लावून सोडव. मुख्य म्हणजे उतारे, दुपारी डोकं जड झालेलं असताना उतारा वाचायची सवयच लागते.

प्रश्नकर्ती: बापरे, हा हिशोब कधी केलाच नव्हता. आजपासून दुपारी पेपर घेऊनच बसते. आणि दोन पेपरांच्या मधल्या तीन तासांत काय करायचं? रिव्हिजन?

विदर्भकन्या: अजिबात नाही. पेपर १ ची उत्तरं कुणाशीही जुळवू नको, बाहेर पडलं की लगेच सुरू होतं सगळ्यांचं, तू लांब जाऊन बस. घरून पोळी-भाजीचा डबा ने, भरपेट थाळी खाल्ली की तीन वाजता झोप येते.

अभ्यासिकेतला: आणि शक्य असेल तर शनिवारीच संभाजीनगरला जा, कुणी नातेवाईक असेल तर बरंच. नाहीतर एकदम पहाटेची एसटी धर, प्रवेशपत्रावर हजर राहायची वेळ छापलेली असते ती बघ, दहाचा पेपर म्हणून दहाला पोचून चालत नाही. प्रवेशपत्र, ओरिजिनल आधार आणि काळे बॉलपेन दोन-तीन, आजच एका पिशवीत टाकून ठेव.